फलकावरची मराठी आणि कानातली मराठी

मराठीचा लढा आमच्या भागात प्रामुख्याने डोळ्यांना दिसणाऱ्या मराठीसाठी झाला आहे. दुकानाच्या फलकावर देवनागरी अक्षराला जागा किती, बसच्या पाटीवर गावाचे नाव कोणत्या लिपीत, महापालिकेची नोटीस कोणत्या भाषेत, जमिनीचा उतारा कोणाला वाचता येतो, हे आमचे प्रश्न. कर्नाटक शासनाने २०२४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून फलकांवरील ६० टक्के जागा कन्नडला राखून ठेवली, तेव्हा उरलेल्या जागेत मराठी कोठे आणि केवढी, यावर सीमाभागात तावातावाने बोलले गेले. ते बोलणे रास्त होते आणि ते पुढेही चालू राहिले पाहिजे.

परंतु ज्या मराठी माणसाने तो फलक कधी पाहिलेलाच नाही, त्याच्या मराठीचे काय? अंध मराठी भाषकाची मराठी फलकावर नसते. ती कानात असते, बोटांच्या टोकाशी असते. आज ती फार मोठ्या प्रमाणात संगणकाच्या स्पीकरमधून येते. आणि तेथे ती कधी हिंदीच्या वेषात येते, कधी निरर्थक इंग्रजी अक्षरांच्या राशीत येते, तर कधी येतच नाही. ज्याचे हात नीट चालत नाहीत असा मराठी कारकून, मंद दृष्टीचा मराठी वृद्ध, कर्णबधिर मराठी विद्यार्थी यांची कथा तपशिलात वेगळी, तात्पर्यात तीच.

आमचे म्हणणे असे आहे. जी संस्था भाषिक हक्काची भाषा बोलते, तिने आपला मराठी मजकूर यंत्राला मराठी म्हणून वाचता येईल अशा स्वरूपात दिला नाही, तर ती संस्था मराठी भाषकांच्या एका वर्गाला मराठी नाकारते. परभाषी कचेरी नाकारते अगदी त्याच अर्थाने. हा आरोप कठोर आहे. तो आम्ही विचारपूर्वक करीत आहोत.

साधने दारात आली. भाषा बाहेरच राहिली

संगणक वापरणाऱ्या दिव्यांगांसाठी जी सुगम्यता साधने असतात, त्यांत अंधांसाठी सर्वांत महत्त्वाचा स्क्रीन रीडर. पडद्यावरील प्रत्येक खिडकीचे नाव, प्रत्येक बटण, ओळ, शब्द, अगदी एकेक अक्षर तो बोलून दाखवतो. माउसची गरज उरत नाही. सारा व्यवहार कळफलकावरून होतो. १९८९ मध्ये डॉस प्रणालीसाठी आलेला ‘जॉज’ हा या वर्गातला नामांकित कार्यक्रम. पण त्याची किंमत सामान्य भारतीय कुटुंबाला दीर्घकाळ परवडणारी नव्हती. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’ लिहावयास घेतला. जेम्स तेह हा त्याचा सहकारीही अंधच. हा कार्यक्रम विनामूल्य आहे आणि त्याची मूळ संहिता सर्वांना खुली आहे. लिनक्सवर ‘ऑर्का’ आहे, मॅकवर ‘व्हॉइसओव्हर’ आहे, आणि विंडोजमध्ये २००० सालापासून ‘नॅरेटर’ अंगभूत आहे. विंडोज १० किंवा ११ वर विंडोज, कंट्रोल आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबल्या की तो बोलू लागतो.

म्हणजे जुन्या बाजारातून घेतलेल्या संगणकावरही आज अंध माणूस काम करू शकतो. पैशाची भिंत बऱ्याच अंशी पडली. जी भिंत उभी आहे ती भाषेची आहे, आणि ती पाडण्याचे काम ऑस्ट्रेलियाच्या नव्हे, बेळगावच्या, पणजीच्या, इंदूरच्या आणि बडोद्याच्या मराठी माणसाचे आहे.

‘देवनागरी आहे, मग चालेल’ हा भ्रम

आम्हाला सर्वांत वारंवार ऐकवले जाणारे उत्तर असे: ‘लिपी एकच आहे ना? हिंदी आवाज मराठी वाचतो की.’ वाचतो, पण काय वाचतो ते ऐकावे.

‘ज्ञ’ या अक्षराचा मराठी उच्चार ‘द्न्य’ असा आहे. हिंदी आवाज त्याचा ‘ग्य’ करतो. म्हणजे मराठीचा थोर तत्त्वकवी त्या यंत्रातून ‘ग्यानेश्वर’ होऊन बाहेर पडतो. मराठीत ‘ऋ’चा उच्चार ‘रु’कडे झुकतो, हिंदीत ‘रि’कडे, त्यामुळे आमची कृष्णा ‘क्रिष्णा’ होते. ‘मैल’, ‘पैसा’, ‘औषध’ यांतील ऐ आणि औ हे मराठीत ठसठशीत संयुक्त स्वर आहेत. हिंदीत ते पसरट, एकेरी होतात. ‘केलं’, ‘झालं’, ‘घरं’ यांवरील अनुस्वार मराठीत नाकातून उच्चारायचा नसतो. तो शेवटचा अकार लांबवून म्हणण्याची खूण असते. हिंदी आवाज तेथे न चुकता अनुनासिक लावतो. संवाद असलेली एखादी मराठी कथा अशा आवाजात ऐकली, तर प्रत्येक तिसऱ्या वाक्याला कोणी नाक दाबून बोलत आहे असे वाटते. ‘ळ’ हे अक्षर प्रमाण हिंदीत वापरातच नाही. तेव्हा त्याचे काय करायचे हे सर्वस्वी त्या आवाजाच्या निर्मात्याच्या मर्जीवर.

मग च, ज, झ यांचे दुहेरी उच्चार. ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण. ‘चार’ हा आकडा आणि गुरांना ‘चार’ अशी आज्ञा. अक्षरे एक, शब्द दोन, आणि फरक फक्त उच्चारात. डोळस वाचक संदर्भावरून मनातच योग्य उच्चार करतो. अंध वाचकाला यंत्राने जे ऐकवले तेच हाती येते, आणि हिंदी आवाजापाशी दंत्य उच्चार मुळातच नसल्याने निवड करण्याचा प्रश्नही उद्भवत नाही.

आकड्यांची तऱ्हा त्याहून विचित्र. मराठी वाक्याच्या मधोमध ४९ आले की यंत्र ‘उनचास’ म्हणते, ६७ आले की ‘सड़सठ’. ज्या मुलाला मराठी शाळेत ‘एकोणपन्नास’ आणि ‘सदुसष्ट’ शिकवले जाते, त्याच्या गणिताच्या पुस्तकातून ही परकी संख्यानामे ऐकू येतात. शुद्धलेखनाचेही तसेच. काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार ही नावे मराठी विद्यार्थ्याच्या जिभेवर असतात. शब्द अक्षरशः फोडून ऐकताना त्याला ही नावे ऐकू आली पाहिजेत. ‘छोटी इ की मात्रा’ ऐकून त्याने ऱ्हस्व वेलांटी ओळखावी अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याच्यावर एक जादा भाषांतर लादणे होय.

डोळस मुलाला एखाद्या शिक्षकाचा उच्चार चुकीचा ऐकू आला, तरी पुस्तकातले अक्षर त्याच्या समोर असते. अंध मुलाचा कान हेच त्याचे पुस्तक. तेथे दहा वर्षे हिंदी उच्चार ओतले, तर त्याची मराठी कोणती होईल, याचा विचार भाषेच्या शुद्धतेविषयी परिसंवाद भरवणाऱ्यांनी करावा. इंदूर आणि ग्वाल्हेर येथील मराठी घरांना हे सांगावयास नको. हिंदीच्या शेजारात चार पिढ्या मराठी टिकवणे म्हणजे काय, हे ती जाणतात. तेथील अंध मुलाला घरात आजीची मराठी आणि संगणकात हिंदीची मराठी अशा दोन मराठी ऐकाव्या लागणे हा त्या घरावर उलटलेला डाव आहे.

उपाय नाही असे मुळीच नाही. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ‘ईस्पीक एनजी’ या ध्वनियंत्रात मराठी आहे. तो आवाज यांत्रिक आहे, कानाला गोड नाही. पण तो मराठी म्हणून वाचण्याचा प्रयत्न करतो आणि तो इंटरनेटवाचून चालतो. त्याहून मोलाची गोष्ट ही की त्याचे मराठी उच्चारनियम आणि अपवादांची शब्दसूची साध्या मजकुराच्या फायलींत उघड ठेवलेली आहे. दुरुस्ती सुचवण्यास कोणालाही मुभा आहे. मद्रासच्या आयआयटीच्या पुढाकाराने भारतीय भाषांसाठी तयार झालेल्या आवाजांतही मराठी आहे. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये ‘आरोही’ आणि ‘मनोहर’ हे दोन सुश्राव्य मराठी आवाज इंटरनेटच्या जोडणीवर ऐकता येतात. तेव्हा ‘मराठीत सोयच नाही’ हे विधान आता टिकणारे नाही. सोय आहे, ती अपुरी आहे, आणि ती पुरी करण्यासाठी ज्या भाषाज्ञानाची गरज आहे ते आमच्या मराठीच्या प्राध्यापकांपाशी आहे. दंत्य ‘च’ कोठे आणि तालव्य ‘च’ कोठे, यावर व्याकरणाच्या पुस्तकांत पानेच्या पाने लिहिली गेली. ती पाने त्या नियमांच्या फायलीत उतरली, तर हजारो कानांना मराठी ऐकू येईल.

पानाने स्वतःचे नाव सांगितले पाहिजे

यंत्राला मजकुराची भाषा कोण सांगते? मजकूर तयार करणारा. संकेतस्थळाच्या पानात भाषेची एक लहानशी खूण असते. तीत मराठीसाठी ‘एमआर’, हिंदीसाठी ‘एचआय’, कोकणीसाठी ‘केओके’ अशी आंतरराष्ट्रीय संकेतनामे लिहायची असतात. वर्ड फाइलमध्येही भाषा ठरवून देता येते. खूण ‘मराठी’ असेल, तर स्क्रीन रीडर आपोआप मराठी आवाजाकडे वळू शकतो. खूण नसेल किंवा ‘इंग्रजी’ अशी असेल, तर यंत्र अंदाज बांधते, आणि देवनागरी दिसली की अंदाज बहुधा हिंदीच्या बाजूने पडतो. जागतिक सुगम्यता मार्गदर्शिकेत पानाची भाषा सांगणे ही अगदी पहिल्या, म्हणजे किमान पातळीची अट आहे. ती २००८ पासून आहे.

गोव्यात या खुणेचे महत्त्व सर्वांत उघड दिसते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा झाली आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापरालाही मान्यता मिळाली. तेथे एकाच कार्यालयातून कोकणी, मराठी आणि हिंदी अशा तीन भाषांचे कागद एकाच लिपीत निघू शकतात. डोळस माणूस पहिल्या दोन शब्दांत भाषा ओळखतो. यंत्राला ती सांगावी लागते. कोकणी आणि मराठी यांच्या नात्याविषयी गोव्यात जी काही मतमतांतरे असतील ती असोत. या एका मागणीवर दोन्ही बाजूंचे अंध वाचक एकमताचे असतील, कारण हिंदी आवाज दोघींचाही सारखाच विचका करतो.

अक्षरांचे मुखवटे

आता सर्वांत मोठ्या अपराधाकडे वळू. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. तीत देवनागरी होती. विंडोज २००० पासून सामान्य संगणकावर देवनागरी युनिकोड वापरता येते. पाव शतक उलटले. तरीही पत्रिका, अहवाल, स्मरणिका, दिवाळी अंक, पतसंस्थांच्या वार्षिक सभांच्या नोटिसा यांतील बराच मजकूर अद्याप डीटीपीच्या जुन्या टंकांत जुळवला जातो. या टंकांत पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या स्मृतीत त्या जागी इंग्रजी अक्षर किंवा एखादे चिन्ह साठवलेले असते. मराठी हा तेथे केवळ मुखवटा असतो. स्क्रीन रीडर मुखवटा पाहत नाही; तो आतले वाचतो. म्हणून ‘मराठी भाषकांनो, जागे व्हा’ असे लिहिलेले पत्रक अंध मराठी भाषकाला डॉलर, कंस, अर्धविराम आणि सुट्या इंग्रजी अक्षरांची बडबड म्हणून ऐकू येते.

दुसरी पद्धत याहून सोपी आणि याहून वाईट: मजकुराचे चित्र काढून पाठवणे. सभेची पत्रिका चित्र, निषेधाचे निवेदन चित्र, शाळेची सूचना चित्र. चित्रातून स्क्रीन रीडरला एवढेच समजते की येथे एक चित्र आहे. अक्षर ओळखणारे कार्यक्रम मदतीला येतात. ‘टेसरॅक्ट’ या मुक्त कार्यक्रमात मराठीचा संचही आहे. परंतु रंगीत पार्श्वभूमीवर, कमानीच्या आकारात, सोनेरी सावली दिलेल्या अक्षरांपुढे तोही थकतो. ज्याच्यापाशी मूळ मजकूर होता त्याने तो दडवायचा आणि वाचकाने यंत्राकरवी तो पुन्हा उकरून काढायचा, यात शहाणपण कोणते?

येथे आमच्या मागण्यांशी थेट संबंध येतो. भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या संरक्षक तरतुदींनुसार ज्या भागात त्यांची संख्या १५ टक्के वा अधिक आहे, तेथे महत्त्वाचे नियम आणि नोटिसा त्यांच्या भाषेत मिळाव्यात, यासाठी सीमाभाग दशकानुदशके भांडत आला आहे. समजा, उद्या ती नोटीस मराठीत मिळाली आणि ती सही-शिक्क्यासह स्कॅन केलेले चित्र असली, तर? डोळस मराठी माणसाचा विजय होईल. अंध मराठी माणसाच्या दृष्टीने काहीच घडलेले नसेल. म्हणून मागणी करतानाच ती पूर्ण करावी: मराठीत, युनिकोडमध्ये, वाचता येणाऱ्या मजकुराच्या रूपात.

युनिकोड वापरले की काम संपले, असेही नाही. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना, ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. ‘दर्या’ म्हणजे सागर, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतील खोल जागा. हा मराठीचा खास भेद लिहिण्यासाठी संगणकात दोन वेगळे संकेतक्रम रूढ आहेत. दिसायला दोन्ही सारखे, यंत्राला दोन्ही भिन्न. त्यामुळे शोध फसतो आणि उच्चारही अडखळू शकतो. शिवाय युनिकोडमधून केलेल्या पीडीएफमध्येही ऱ्हस्व वेलांटी कधी कधी आपली जागा सोडते. यासाठी पीडीएफसोबत साधी मजकुराची किंवा ईपबची प्रत ठेवणे हा सोपा मार्ग आहे.

या बाबतीत कन्नडचा शेजार शत्रूचा नाही. ‘नुडी’च्या जुन्या टंकांत अडकलेला कन्नड मजकूर अंध कन्नड वाचकालाही असाच निरर्थक ऐकू येतो.

शिफ्टच्या पलीकडे राहिलेली अक्षरे

सुगम्यता म्हणजे केवळ अंधत्व नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार मानले आहेत, आणि भाषेचा प्रश्न प्रत्येक ठिकाणी नव्या रूपात उभा राहतो.

इन्स्क्रिप्ट कळफलक पाहा. भारतीय लिप्यांसाठी तयार झालेली ही प्रमाण मांडणी शास्त्रशुद्ध आहे. परंतु तीत महाप्राण अक्षरे शिफ्टसह येतात: ‘क’ साधा, ‘ख’ शिफ्ट दाबून, ‘त’ साधा, ‘थ’ शिफ्ट दाबून. ‘म’ साधा आणि त्याच कळीवर शिफ्टसह ‘ण’. ‘ल’ साधा आणि शिफ्टसह ‘ळ’. ‘स’ साधा आणि शिफ्टसह ‘श’. जो एका हाताने, एका बोटाने किंवा तोंडात धरलेल्या काडीने टंकलेखन करतो, त्याला दोन कळा एकाच वेळी दाबता येत नाहीत. म्हणजे मराठीची ओळख सांगणारे ण आणि ळ त्याच्या आवाक्याबाहेर. ‘बाळ’ लिहिता येत नाही, ‘आपण’ लिहिता येत नाही.

यावर उपाय विंडोजमध्ये १९९५ पासून आहे. त्याचे नाव ‘स्टिकी कीज’. शिफ्टची कळ पाच वेळा दाबली की तो सुरू करण्याविषयी विचारणा होते. मग शिफ्ट दाबून सोडावी आणि नंतर सावकाश दुसरी कळ दाबावी, अक्षर उमटते. ज्याचा हात थरथरतो त्याच्यासाठी ‘फिल्टर कीज’: उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की चुकून झालेले क्षणिक स्पर्श यंत्र मानेनासे करता येते. ज्याला कळफलकच वापरता येत नाही, त्याच्यासाठी पडद्यावरचा कळफलक आहे, आणि गूगल डॉक्समध्ये बोलून मराठी लिहिण्याची सोय आहे. ही माहिती मराठी टंकलेखन शिकवणाऱ्या वर्गांत दिली गेली पाहिजे. वर्गात मिनिटाला किती शब्द, हे मोजले जाते; कोण वर्गात येऊच शकत नाही, हे मोजले जात नाही.

मंद दृष्टीच्या वाचकाला विंडोज कळ आणि अधिक चिन्ह दाबले की भिंग मिळते. पण देवनागरीत अर्थ टिंबावर अवलंबून असतो. ‘वशाला’ आणि ‘वंशाला’ यांत फरक एका ठिपक्याचा. नाजूक, वळणदार, रंगीत टंकात तो ठिपका शिरोरेषेत विरघळतो आणि भिंगाखाली नुसता डाग मोठा होतो. म्हणून साधा टंक, गडद रंगभेद, ओळींत पुरेसे अंतर, ही सौंदर्यदृष्टीची हानी नव्हे. कर्णबधिर वाचकाला सभांच्या चित्रफितींखाली मराठी शब्दपट्टी हवी. तिच्यावाचून आमच्या नेत्यांची घणाघाती भाषणे त्याच्यापुरती हातवाऱ्यांची करमणूक ठरतात.

सहा टिंबांना सीमा नाही

एक गोष्ट आम्हा सीमावासीयांना विशेष मननीय आहे. १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारली गेली. तिचे तत्त्व असे की भारतीय भाषांतील समान ध्वनीला समान टिंबे. मराठी ‘क’ आणि कन्नड ‘क’ दोन्ही पहिल्या आणि तिसऱ्या टिंबाने लिहितात. मराठी ‘ळ’ आणि कन्नड ‘ळ’ दोन्ही चौथ्या, पाचव्या, सहाव्या टिंबाने. डोळसांना ज्या दोन लिप्यांनी विभागले, त्या दोन भाषांचे अंध मूल एकाच वर्णमालेवर बोट फिरवते. संगणकाला जोडण्याच्या ब्रेल पट्टीसाठी मराठीचा तक्ता एनव्हीडीएमध्ये उपलब्ध आहे. बेळगावच्या एकाच ब्रेल ग्रंथालयात, एकाच यंत्रावर मराठी आणि कन्नड वाचक शेजारी बसू शकतात. त्यासाठी कोणत्याही आयोगाच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही. जे या दोन भाषांना केवळ भांडणाच्याच रूपात ओळखतात, त्यांनी त्या टिंबांवरून एकदा बोट फिरवून पाहावे.

आक्षेपांना उत्तरे

‘अशी माणसे किती?’ २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राबाहेर मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ५५ लाख, आणि देशात दिव्यांगांचे प्रमाण २.२१ टक्के. हेच प्रमाण आम्हाला लावले, तर संख्या सव्वा लाखाच्या घरात जाते. हा ढोबळ हिशोब आहे. परंतु ‘तुम्ही आहात किती?’ हा प्रश्न अल्पसंख्य म्हणून आम्हाला विचारला जातो तेव्हा आम्हाला राग येतो. तोच प्रश्न आमच्यातील कोणी आपल्याच माणसांना विचारू नये.

‘त्यांनी इंग्रजी शिकावे, तेथे सर्व सोयी आहेत.’ इंग्रजी अवश्य शिकावे. पण हे वाक्य ओळखीचे वाटत नाही काय? ‘कन्नड शिका, म्हणजे अडचण राहणार नाही’ हे वाक्य याच साच्यातले आहे.

‘मोबाइल आहे ना?’ मोबाइलवर बातमी ऐकता येते. हिशोब ठेवणे, परीक्षेचे उत्तर लिहिणे, अर्ज-निवेदने तयार करणे, पुस्तक लिहिणे, कचेरीत नोकरी करणे हे काम टेबलावरच्या संगणकावर होते. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे. ते गाऱ्हाणे स्वतःच्या हाताने लिहिता येणे, हा त्या हक्काचाच भाग मानावयास हवा.

‘आधी सीमाप्रश्न सुटू द्या.’ महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो २००४ मध्ये. त्या वर्षी जन्मलेले मूल आज मतदार आहे. ते अंध असेल, तर त्याचे सारे शालेय आयुष्य या ‘आधी’मध्ये सरून गेले. फाइलची भाषा मराठी ठरवण्यास न्यायालयाच्या निकालाची गरज नाही.

कायदा आणि दोन टेबलांमधली फट

२०१६ च्या कायद्याचे ४२ वे कलम श्राव्य, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य स्वरूपात मिळावा यासाठी शासनावर जबाबदारी टाकते; १७ वे कलम लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठरा वर्षे वयापर्यंत पुस्तके आणि सहायक साधने विनामूल्य देण्यास सांगते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम ऐच्छिक नव्हे, तर बंधनकारक असले पाहिजेत, असे ठरवले. ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच ही जगण्याच्या हक्काशी जोडली. दुसरीकडे घटनेचा ३५०-अ अनुच्छेद भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याविषयी सांगतो.

दोन्ही तरतुदी उत्तम आहेत. पण दिव्यांगांचे टेबल भाषा विचारत नाही आणि भाषिक अल्पसंख्याकांचे टेबल दिव्यांगत्व विचारत नाही. जो दोन्ही आहे तो दोन टेबलांमधल्या फटीत पडतो. ती फट बुजवण्याची मागणी कोणत्याही एका खात्याकडून आपणहून येणार नाही. ती चळवळीकडूनच यावी लागेल.

आमच्या मागण्या

१. मराठी संस्था, पक्ष, समित्या, शाळा, पतसंस्था आणि ग्रंथालये यांनी आपला प्रत्येक नवा मजकूर युनिकोडमध्ये काढावा; चित्र पाठवायचेच असेल, तर त्याच्याखाली तोच मजकूर अक्षरांत लिहावा.

२. प्रत्येक मराठी संकेतस्थळाने आणि फाइलने आपली भाषा ‘मराठी’ अशी नोंदवावी. हिंदी किंवा इंग्रजी अशी चुकीची नोंद म्हणजे जनगणनेत मातृभाषा चुकीची लिहिण्यासारखेच आहे.

३. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा आणि हैदराबाद येथील जुन्या मराठी ग्रंथसंग्रहांनी दुर्मीळ पुस्तके नुसती स्कॅन करून ठेवू नयेत. त्यांचा वाचनीय मजकूर तयार करावा. स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी सुगम्य प्रती काढण्याची मोकळीक दिली आहे, त्यामुळे अलीकडच्या पुस्तकांबाबतही मार्ग बंद नाही.

४. महाराष्ट्र शासनाने मराठीचे आवाज, उच्चारनियम आणि अक्षर-ओळख यांवर खर्च करावा आणि त्याचे फळ मुक्त ठेवावे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. अभिजात भाषेला स्वतःचा धड आवाज नसावा, हे शोभणारे नाही.

५. कर्नाटक, गोवा, मध्य प्रदेश, गुजरात आणि तेलंगण येथील शासनांकडे मराठी शिकणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी मराठी बोलणाऱ्या, मराठी लिहिणाऱ्या संगणकांची लेखी मागणी करावी आणि तिचे उत्तर लेखीच घ्यावे.

यांतील पहिल्या दोन मागण्यांना कोणाची परवानगी लागत नाही, पैसाही लागत नाही. पुढच्या १ नोव्हेंबरला काळ्या दिनाचे पत्रक निघेलच. ते ज्याला दिसत नाही, त्यालाही ते त्याच दिवशी, त्याच मराठीत ऐकू आले पाहिजे.